एव्हेलिओचं ताट

१२ ऑगस्ट

माझा नवरा एव्हेलिओ परत आला की शंभर प्रश्न विचारणार. कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कोणी नवी होडी घेतली. तोंडी सांगत बसायचा मला कंटाळा, म्हणून आजपासून लिहून ठेवते. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तो एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचतो आणि अडला की लिहिणाऱ्यावर चिडतो.

तर आजची बातमी. मेरिदा शहरातल्या विद्यापीठातून डॉक्टर मंडळी समुद्रकाठच्या आमच्या सिसाल गावात आली आहेत, साखरवाल्या लोकांचं रक्त तपासायला. माझी नणंद लेओकादिया मला ओढतच आरोग्य केंद्रात घेऊन गेली. मी म्हटलं, "माझं रक्त मलाच पुरत नाही, त्यांना कुठून देऊ?" ती म्हणाली, "वहिनी, औषध फुकट मिळणारेय. जिभेला जरा विश्रांती दे आणि चल."

डॉक्टर तरुण आहे. रेनाता सोसा नाव, केस मुलासारखे बारीक कापलेले. तिने मला आदराने 'दोन्या' लावून विचारलं, "दोन्या एर्मिला, साखर कधीपासून?"

"चार वर्षं झाली. धसक्याने आली."

ती हसली नाही, हे मला आवडलं. साखर धसक्याने येते हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या फुल्खेन्सिओंच्या अंगावर ट्रक येता येता राहिला तेव्हा त्यांना आली, आणि पुढे त्यांचा डावा पाय घेऊन गेली. मला आली ती ऑक्टोबरच्या अखेरीस, पहिलं नोर्ते सुटलं त्या दिवशी. उत्तरेचा हा वारा सांगून येत नाही. ऑक्टोपस धरायला मोठी बोट बाहेर जाते आणि तिच्यातून एकेक माणूस छोट्या होडीत उतरून एकटाच वाहत राहतो. त्या दिवशी सगळ्यांच्या छोट्या होड्या सापडल्या, एव्हेलिओची सापडली नाही. त्याचा एक बांबू आणि आमिषाचे खेकडे बांधायची दोरी तेवढी मिळाली. किनाऱ्यावर उभी असताना माझं तोंड कोरडं पडलं ते आजपर्यंत कोरडंच आहे.

डॉक्टरने विचारलं, "नवरा काय करतो?" मी म्हटलं, "समुद्रावर असतो." तिने लिहून घेतलं.

मग तिने सांगितलं, तुमचं आतडं रक्तातून काय बोलतं ते आम्हाला ऐकायचंय. मला हसूच आलं. पण गोष्ट खरी निघाली. अन्न पोटात उतरलं की आतडं रक्तातून निरोप धाडतं, जेवण आलंय, तयारीला लागा. त्या निरोपाला हार्मोन म्हणतात. तो पोचला की शरीर साखर आवरायला लागतं. आमच्यासारख्या मोठेपणी साखर लागलेल्या लोकांमध्ये हा निरोप क्षीण जातो असा त्यांचा संशय आहे, म्हणून मोजायचं. साखर जागच्या जागी बोट टोचून कळते, पण निरोपाचं रक्त बर्फात घालून मेरिदाला जातं आणि उत्तर यायला आठवडे लागतात.

जाताना तिने माझी टाच पाहिली. तिथे चपलेने एक फोड केला आहे. "ह्याच्याकडे लक्ष ठेवा. साखर अशीच राहिली तर हा भरून येणार नाही," म्हणाली.

२० ऑगस्ट

उपाशीपोटी गेले. डॉक्टरने बोट टोचलं आणि यंत्राकडे बघून पुन्हा टोचलं.

"रात्री काय जेवलात, दोन्या?"

"मक्याच्या दोन तोर्तिया, वाटीभर काळा घेवडा, थोडा पाला."

"जेवण चिमणीचं आणि साखर बैलाची. आणखी काही?"

"काही नाही." देवाशपथ, काही नाही.

मग तिने डब्यातलं दुधासारखं गोड काहीतरी प्यायला दिलं. सगळ्यांना तेच आणि तेवढंच द्यायचं असतं. दंडात नळी ठेवून मधूनमधून रक्त काढलं. आज बर्फाच्या पिशवीला गळती लागली म्हणून निरोपाचं रक्त फुकट गेलं. डॉक्टरने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. माझं एवढं रक्त नालीत ओतलं गेलं, मी कोणाच्या कपाळावर मारू?

साखर मोजायचं एक यंत्र घरी न्यायला दिलं. वर म्हणाली, "आम्हाला तुमच्या वयाचे, साखर नसलेले पुरुषही हवेत, तुलनेसाठी. नवऱ्याला घेऊन या ना एकदा. किनाऱ्यावर कधी असतो?"

मी म्हटलं, "आला की आणते."

लेओकादिया शेजारीच बसली होती.  ती उठली आणि मला मागे टाकून तरातरा घरी निघून गेली.

२ सप्टेंबर, सोमवार

सोमवार म्हणजे घेवडा आणि डुकराचं मांस. एव्हेलिओ सोमवारसाठी आठवडा काढायचा, म्हणून मी एकही सोमवार चुकवलेला नाही. त्याचं ताट रोज खिडकीकडच्या बाजूला मांडते, कारण त्याला वारा लागतो. चार तोर्तिया, मांसाचा मोठा तुकडा, कच्चा कांदा, हबानेरो मिरची, आणि गोड पाव. गोड पावाशिवाय त्याचं जेवण पुरं होत नाही.

मी माझं चिमणीचं जेवण जेवते. मग त्याची वाट बघते. मग त्याच्या ताटातलं संपवते, कारण अन्न टाकायचं नाही अशी मला माझ्या आईची शिकवण आहे. त्याला काही चव नसते. चघळलेल्या चिपाडासारखं लागतं सगळं. गोड पावसुद्धा गोड लागत नाही. सत्त्व आधीच कोणीतरी नेलेलं असतं. असलं अन्न अंगाला लागत नाही, म्हणून ते मी डॉक्टरला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

१७ सप्टेंबर

डॉक्टर रेनाता संध्याकाळी न सांगता घरी आली. एव्हेलिओला भेटायला! हातात त्याच्यासाठी टोपी. विद्यापीठाचं नाव छापलेली, निळी.

मी म्हटलं, बस, तोही येईलच जेवायला. लेओकादिया चुलीपाशी होती. तिने पातेलं इतक्या जोरात आपटलं की कोंबड्या पळाल्या.

डॉक्टरला पानावर बसवलं. बिचारीने आग्रहाला मान देऊन सगळं खाल्लं, पण मध्येच पाणी मागितलं, पुन्हा मागितलं, तिसऱ्यांदा स्वतःच उठून घेतलं. मेरिदाच्या लोकांना मिरची झेपत नाही. मग मी जेवले. मग एव्हेलिओच्या ताटाकडे बघत थांबलो तिघी. मग मी ते ताट पुढ्यात ओढलं.

डॉक्टर म्हणाली, "हे रोज तुम्हीच खाता?"

"हे खाणं नाही, डॉक्टर. ह्यात काही उरलेलं नसतं. सत्त्व जातं, नुसता चोथा राहतो. चोथ्याने साखर वाढत नाही."

"पण दोन्या, ते तर नोव्हेंबरात, आत्म्यांच्या जेवणाच्या दिवसांत म्हणतात ना. जे मेलेले..." आणि ती थांबली. लेओकादियाकडे बघितलं. उरलेलं वाक्य पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "एक कराल? उद्या ह्या ताटाच्या आधी बोट टोचा आणि नंतर टोचा. मला सांगू नका हवं तर. स्वतःच बघा."

टोपी खुंटीला अडकवून ठेवली आहे. एव्हेलिओला निळा रंग शोभतो.

१९ सप्टेंबर

घाईने लिहितेय म्हणून अक्षर असं येतंय. 

काल मोजलं. आज पुन्हा मोजलं. त्याच्या ताटाआधी एकशे नव्वद, नंतर तीनशेच्या वर. दोन्ही दिवस तसंच. म्हणजे त्या अन्नात सगळं जागच्या जागी होतं. साखर होती, सत्त्व होतं, सगळं होतं. कोणीही काही नेलेलं नव्हतं. चव लागत नाही ती माझ्याच जिभेची खोड, तिच्यावर कसला भरवसा ठेवायचा? यंत्राला ना नवरा ना नणंद, ते कशाला खोटं बोलेल?

आणि तो मेला असता तर आला असता. एव्हेलिओ गोड पाव समोर ठेवलेला असताना न येणारा माणूस नव्हे. मेलेले येतात, खातात, सत्त्व घेऊन जातात. इथे कोणी आलं नाही. म्हणजे तो मेलेल्यांत नाही.

तो जिवंत आहे! चार वर्षांत मला कोणी पुरावा दिला नव्हता. एका टिकलीएवढ्या रक्ताने दिला.

२७ सप्टेंबर

त्याचे शर्ट धुऊन वाळत घातले. तो झोपतो त्या टांगत्या झोळीची दोरी कुजली होती, ती बदलली. झोपायला ये म्हणावं, तयार आहे. दाराला रंग लावायला माणूस सांगितला. ताटात आता दोन गोड पाव ठेवते, कारण वाहत जाऊन क्युबाच्या नाहीतर कुठल्या तुरुंगात पडलेला माणूस वाळून जातो. रोज मोजते. रोज यंत्र वर चढतं आणि रोज मला गाणं म्हणावंसं वाटतं.

टाच दुखते. फोडाच्या कडा काळ्या झाल्या आहेत. चालताना चप्पल हातात घ्यावी लागते.

८ ऑक्टोबर

लेओकादियाशी भांडण. असं भांडण की शेजारणीने रेडिओ बंद केला.

सुरुवात तिने केली. शर्ट दोरीवर बघून म्हणाली, "वहिनी, पुरे कर आता."

मी तिला यंत्राची गोष्ट सांगितली. वाटलं होतं नाचेल. तिने डोक्याला हात लावला.

"चार वर्षं तूच सांगतेस, ताटातलं सत्त्व कोणीतरी नेतं. जिवंत माणूस तुरुंगात बसून तुझ्या ताटातलं सत्त्व नेतो का ग? ते कोण नेतात तुला माहीत नाही? आणि आता सत्त्व जात नाही म्हणून तो जिवंत. म्हणजे गेलं तरी जिवंत, नाही गेलं तरी जिवंत!"

तिचं हे तर्कशास्त्र मला कळलं नाही. मी म्हटलं, "तुला भाऊ मेलेलाच हवाय. आत्म्यांच्या टेबलावर त्याचा फोटो ठेवून मोकळी व्हायचंय तुला."

ह्यावर ती रडायला लागली. लेओकादिया रडते तेव्हा आवाज करत नाही, नुसते खांदे हलतात. मग तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते.

"तू त्याला टेबलावर बसू देत नाहीस. तुझ्या परवानगीवाचून मला त्याचं नाव घेता येत नाही, बायको तू आहेस. मग मी काय करते ठाऊक आहे? आत्म्यांच्या दिवसांत बेवारशी आत्म्यांसाठी दाराबाहेर अंगणाच्या भिंतीवर ताट ठेवतो ना, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी? त्यातच एक तोर्तिया जास्त ठेवते. माझा भाऊ चार वर्षं दाराबाहेर उभ्याने जेवतो, वहिनी. भिकाऱ्यांच्या पंगतीत. घर असताना, बायको असताना. त्याचं नाव न घेता ठेवते, त्याला कळतही नसेल ते त्याचंच आहे म्हणून."

ती गेली. मी शर्ट दोरीवरून काढले नाहीत. पण भिंतीकडे माझं लक्ष जातं आहे. बुटकी भिंत, वर काचा लावलेल्या. तिथे कोणी उभं राहून कसं जेवेल?

११ ऑक्टोबर

डॉक्टरने टाचेवरचं मेलेलं कातडं कापलं. मला काहीच दुखलं नाही आणि नेमकं तेच वाईट आहे म्हणाली. फुल्खेन्सिओंचं नाव तिने घेतलं नाही, मीच घेतलं.

"पाय वाचेल का?"

"साखर खाली आली तर वाचेल. ताट बंद झालं तर खाली येईल. दोन्या, मी तुम्हाला मोजायला सांगितलं ते तुम्ही काय खाताय हे तुम्हाला दिसावं म्हणून. तुम्ही त्यातून भलतंच काढलंत. लेओकादियाने सांगितलं मला." तिचेच डोळे भरून आले होते. "साखर चढली म्हणून कोणी जिवंत ठरत नाही. साखर अन्नावाचूनही चढते. यकृत घरच्या साठ्यातून सोडतं. भीतीने चढते, आशेनेही चढते."

"म्हणजे यंत्र खोटं बोलतं?"

"खोटं नाही. पण साखर कुठून आली हे यंत्राला कळत नाही."

"मग कोणाला कळतं? अन्न पोटात खरंच आलं की नाही, हे रक्तात कोणाला कळतं?"

ती पट्टी बांधत होती, खाली मान घालून. म्हणाली, "ते आतड्याच्या निरोपालाच कळतं. आम्ही मेरिदाला पाठवतो तो. तो अन्न आल्यावरच वर जातो."

झालं. मला एवढंच हवं होतं.

मी म्हटलं, "गेल्या खेपेचं रक्त फुकट गेलं, तुम्हाला पुन्हा घ्यायचंच आहे. आत्म्यांच्या दिवसांत माझ्या घरी येऊन घ्या. तुमचा तो दुधाचा डबा आधी एव्हेलिओपुढे ठेवू. मग मी पिईन. सत्त्व गेलं असेल तर निरोप जाणार नाही. असेल तर जाईल. जे येईल ते मी मान्य करीन."

"दोन्या एर्मिला, असं नसतं ते..."

"त्याशिवाय ताट बंद करणार नाही. पाय गेला तरी."

तिने पट्टीची गाठ मारली. मग म्हणाली, येईन.

१ नोव्हेंबर

टेबल मांडलं. भरतकामाचं पांढरं कापड, हिरवा क्रूस, मेणबत्त्या, मीठ, पाणी. आई, वडील, सासूबाई ह्यांचे फोटो नेहमीचे. लेओकादियाने जमिनीत पुरून भाजलेला मक्याच्या पिठाचा पीब आणला, केळीच्या पानांचा वास घरभर. मी तिला काही सांगितलं नव्हतं. कपाटातून एव्हेलिओचा फोटो काढला आणि मधोमध ठेवला. लेओकादिया पीब हातात धरून तशीच उभी राहिली. भाजलं असेल तिला, पण खाली ठेवला नाही.

प्रत्येक आत्म्याला भोपळ्याच्या कवचाची एक वाटी लागते. एव्हेलिओसाठी मी नवीन घेतली. खुंटीवरची निळी टोपी वाटीजवळ ठेवली.

प्रार्थना म्हणणारी म्हातारी दोन्या तोमासा नावं वाचत गेली. मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं. हे नाव घरच्या माणसाने द्यावं लागतं.  "एव्हेलिओ कांचे," मी म्हटलं. मेणबत्ती विझली नाही, कुत्रं भुंकलं नाही, काही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल.

मग मी भिंतीकडे गेले. बेवारश्यांचं ताट ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "हे तुझं नाही. तुझं आत आहे. आत ये." शेजारणीने ऐकलं असेल तर ऐको.

२ नोव्हेंबर

डॉक्टर सकाळीच आली, बर्फाची दोन खोकी घेऊन. टेबलापुढे दोन्ही गुडघे टेकवून छातीवर क्रूसाची खूण केली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, माझेही आजोबा आत्म्यांत आहेत.

तिने डबा उघडून स्वतःच्या हाताने एव्हेलिओच्या वाटीत ओतलं. आम्ही तिघी बसलो. मी त्याला मनात म्हटलं, हे विलायती दूध तुला आवडणार नाही, पण पी. तू असशील तर पी. तू नसशील... आणि मला कळेना की 'असणं' म्हणजे कुठलं म्हणू. पिऊन गेला तर तो नाही. न प्यायला तर आहे. कुठल्या बायकोने अशी प्रार्थना केली असेल? मी शेवटी म्हटलं, तुझ्या सोयीने कर.

मग मी वाटी तोंडाला लावली. चव नव्हती. पण ती मला कधीच नसते.

डॉक्टरने दंडातून रक्त घेतलं, पुन्हा पुन्हा. मध्ये बोटही टोचलं. साखर चढली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती भीतीची आहे."

उत्तर येईपर्यंत ताट मांडायचं नाही असं मी ठरवलं आहे. एकदा प्रश्न विचारला की माणसाने गप्प बसून ऐकावं.

९ नोव्हेंबर

आत्मे आज परत जातात. लेओकादियाने आणि मी भिंतीवर मेणबत्त्यांची रांग लावली, वाट दिसायला. त्याला निरोप द्यायचा की नाही ते मला कळलं नाही, म्हणून मी पाठ करून उभी राहिले.

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी खिडकीकडची बाजू मोकळी असते. तिथे बघवत नाही म्हणून मी जेवायलाच उशीर करते. झोळीची दोरी वाऱ्याने करकरते. तो वाराच आहे हे मला कळतं. पहिल्या करकरीला मात्र दर वेळी कळत नाही.

टाचेच्या कडा गुलाबी झाल्यात असं डॉक्टर म्हणते. आज उपाशीपोटी एकशे चाळीस.

३० नोव्हेंबर

आज अक्षर लहान काढते आहे. मोठं काढायचं कारण उरलं नाही.

डॉक्टर दुपारी आली. लेओकादियाला मीच बोलावून घेतलं होतं. डॉक्टरने कागद काढला आणि घडी न उघडताच बोलली. "दोन्या, निरोप जवळजवळ गेलेलाच नाही. होता तिथेच राहिला."

मी म्हटलं, "म्हणजे वाटीत काही उरलं नव्हतं."

"नाही. ऐका ना माझं. अन्न आलं होतं. तुमचं आतडं क्षीण बोलतं, तो आजार आहे. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ह्या गल्लीत साखर असलेल्या जवळजवळ सगळ्यांचं तसंच आलंय. फुल्खेन्सिओंचं तसंच. बेकरीवाल्या दोन्या उर्सुलाचं तसंच."

"मग त्यांच्याही घरी कोणीतरी आधी जेवून गेलं असेल," मी म्हटलं. "सिसालमध्ये कोणाच्या घरचं माणूस समुद्रात नाही, डॉक्टर?"

 लेओकादियाने डॉक्टरच्या हातातून कागद घेतला आणि टेबलावर ठेवला, जिथे फोटो होते तिथे. नंतर डॉक्टर आणखी काय काय बोलली, नवीन इंजेक्शन आहे, तो निरोप बाहेरून देता येतो, पुढच्या महिन्यात सुरू करू. मी हो म्हटलं. मला ऐकू सगळं येत होतं, पण मी समुद्राकडे बघत होते. तो आला होता. मी बोलावलं आणि भिंतीवरून आत आला, आणि ते बेचव दूधसुद्धा पिऊन गेला, मी म्हटलं म्हणून. त्याच्या आवडीचं काहीच नव्हतं त्यात.

मग मी रडले. किनाऱ्यावर रडले नव्हते, प्रार्थनेत रडले नव्हते. लेओकादियाने मला धरलं आणि ह्या वेळी तीही आवाज करून रडली. शेजारणीने रेडिओ बंद केला आणि स्वतःच आत आली. डॉक्टर दारात तिच्या बर्फाच्या खोक्यावर बसून होती. जाताना मी तिला निळी टोपी परत देऊ केली. ती म्हणाली, राहू द्या, त्यांचीच आहे.

संध्याकाळी एकच ताट मांडलं. लेओकादिया म्हणाली, मी थांबते, मग दोन झाली. एक माझं, एक तिचं. खिडकीकडे ती बसली. मी घेवड्याचा घास घेतला आणि तसाच तोंडात धरून बसले. गिळवेना.

"काय झालं, वहिनी?"

"लेओ, हे किती खारट आहे!"

तिने चमचा खाली ठेवला. हसू दाबायला गेली, पण ते तिच्या नाकातून बाहेर पडलं. "चार वर्षं असंच करतेस ग. तुला कोण सांगणार?"

मी पाणी प्यायले. पुन्हा घास घेतला. मीठ फारच जास्त झालं होतं.